सहाव्या मजल्यावरून सात मिनिटं

छटाताईच्या टेबलावर ते पत्र आलं तेव्हा तिच्या चिमट्यात एका मुख्याध्यापिकेचा पुढचा दात होता. दात पोर्सिलेनचा, अर्धाच रंगवलेला. बाईंचा शेजारचा खरा दात जरा तपकिरीकडे झुकलेला होता आणि नव्या दातानं त्याच्याशी असं जमवून घ्यायला हवं होतं की बाई वर्गात हसल्या तर पहिल्या बाकावरच्या कार्टीलासुद्धा पत्ता लागू नये. दातांच्या त्या लॅबमध्ये माणसं अकरा होती. कवळ्या, टोप्या, पूल सगळं तिथं बनायचं. पण रंग जुळवावा तो तिनंच, गेली एकोणीस वर्षं. म्हणून नाव पडलं छटाताई. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

दोन्ही पाय पोलिओनं ती तीन वर्षांची असतानाच निकामी केलेले. चाकांच्या खुर्चीत बसून ती लिफ्टनं सहाव्या मजल्यावर यायची आणि उत्तरेच्या खिडकीपाशी जी ठाण मांडायची ती संध्याकाळपर्यंत. त्या खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड यायचा, उन्हाची तिरीप नाही की काही नाही. दाताचा रंग बघायला तसाच उजेड लागतो. ट्यूबलाइटखाली जुळवलेला दात घेऊन माणूस रस्त्यावर गेला की तो दात हिरवट दिसतो, मग डेंटिस्टचा फोन येतो आणि मालकांना घाम फुटतो.

पत्र अग्निशमन खात्याच्या तपासनिसाचं होतं, इमारतीतल्या सगळ्याच ऑफिसांना. भाषा सरकारी असली तरी मुद्दा सरळ होता. ज्यांना स्वतःहून जिना उतरता येत नाही त्यांना तळमजल्यावर बसवावं, नाहीतर त्यांना सात मिनिटांत इमारतीच्या फाटकाबाहेर आणता येतं हे तपासणीच्या दिवशी दाखवून द्यावं. तपासणी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला.

"त्यात काय एवढं," मालक म्हणाले. "खाली रिसेप्शनच्या मागं खोली आहे की. फोन घ्या, पार्सलं बांधा. आराम होईल तुम्हाला."

"तिथं खिडकी नाही."

"चांगली ट्यूब लावू."

मालकांनी नजर चुकवून पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लॅब त्यांच्या वडिलांपासूनची. ट्यूबखाली दाताचं काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या खोलीत गेली की तिचं काम संपलं, हे दोघांनाही कळत होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी ती पार्सलांना चिकटपट्ट्या लावत बसणार होती.

आता दुसऱ्या एका खुर्चीबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मालकांनी मोठ्या हौसेनं एक जिन्याची खुर्ची आणली होती. आग लागली की लिफ्ट बंद. तेव्हा न चालणाऱ्या माणसाला हिच्यात बसवायचं, पट्टे आवळायचे आणि मागून दांडा धरून जिन्यावरून घसरवत न्यायचं. खुर्चीच्या पाठीखाली रबरी साखळ्या असतात, त्या पायऱ्यांच्या कडा धरत धरत उतरतात. जिन्याच्या दाराशी पिवळ्या खोळीत ती टांगलेली असायची. वर्षातून दोनदा कवायत व्हायची. कवायतीच्या दहा मिनिटं आधी मालक स्वतः ताईला लिफ्टनं खाली सोडायचे, पार्किंगच्या सावलीत, हातात चहा देऊन. मग भोंगा वाजायचा. मग खुर्चीत बसायची रिसेप्शनिस्ट. वजन बेचाळीस किलो, तेसुद्धा जेवण झाल्यावर. ती खिदळत चार मिनिटांत खाली यायची, सगळे टाळ्या वाजवायचे आणि वहीत लिहिलं जायचं, 'एका अपंग व्यक्तीची यशस्वी सुटका.' ती अपंग व्यक्ती शेजारीच चहाचे घोट घेत असायची. ताईनं हा तमाशा चार वेळा बघितला होता आणि चारही वेळा टाळ्या वाजवल्या होत्या. आता तिला स्वतःचाच संताप आला.

"या वेळी खुर्चीत मी बसणार," तिनं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं.

सगळ्यांनी आपापल्या कामात डोकं घातलं. धातूच्या टोप्या ओतणारा मेटलवाला आडदांड गडी, पण तोही कानकोंडा झाला. "ताई, तुम्हाला कशाला त्रास?"

"मग आग लागल्यावर रिसेप्शनिस्टलाच खाली नेणार का? मी वर वाट बघत बसू?"

"तसं नाही हो," मालक म्हणाले, "पण पट्टे बांधायचे, अंगाला हात लागतो, चारचौघांत बरं दिसत नाही."

"जळाल्यावर बरी दिसेन का?"

यावर कुणाला उत्तर सुचेना. तेव्हा पलीकडच्या खोलीच्या दारात उभे असलेले प्लास्टरकाका हात पुसत म्हणाले, "पुढून मी धरतो."

काका साठीला टेकलेले. एकतीस वर्षं साचे ओतत होते. भुवयांवरसुद्धा पांढरी पूड असायची. ताई पहिल्या दिवशी लॅबमध्ये आली तेव्हा चौघं जण तिची खुर्ची ढकलायला धावले होते. काकांनी तेवढं विचारलं होतं, "मदत लागेल का?" आणि ती नाही म्हणाल्यावर आपल्या कामाला लागले होते. तेव्हापासून या माणसावर तिचा जीव होता.

सराव काम सुटल्यावर, साडेपाचला. मेटलवाला मागं दांड्याशी, काका पुढं, पायांपाशी. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं लागली. ताईचं वजन एकाहत्तर किलो, आणि मेटलवाला जीव खाऊन दांडा मागं ओढत होता. खुर्ची सुटून जाईल या भीतीनं त्यानं तिला प्रत्येक पायरीवर खिळवून ठेवलं होतं. हलकं माणूस बसलं की खुर्चीला ढकलावं लागतं, जड बसलं की तिला आपणहून जाऊ द्यावं लागतं, वजनानंच साखळ्या पायऱ्यांना घट्ट धरतात, हे माहितीपुस्तिकेत पान तीनवर लिहिलेलं होतं. दोन वर्षांत पान तीन कुणी उघडलं नव्हतं. ताईनं ते त्याला दोनदा वाचून दाखवलं.

"सोडा हो. मी काही पळून जात नाही."

मग नऊ मिनिटं झाली. चौथ्या मजल्याच्या वळणावर कुणाचं तरी मोडकं कपाट होतं, ते तिनं भांडून हलवायला लावलं. मग आठ मिनिटं वीस सेकंद. आणि तिथं गाडं अडलं ते अडलंच.

अडत कुठं होतं ते ताईला चौथ्या दिवशी कळलं. तिसऱ्या मजल्यावर काका रोज थांबत. "थांब, पट्टा बघतो," म्हणत आणि वाकून चांगला घट्ट बसलेला पट्टा सोडून पुन्हा बांधत. त्या दिवशी त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. सोळा छटांची पट्टी जिच्या डोळ्यात बसलेली, तिला रंगाचं काय सांगायचं? सकाळी काकांचे ओठ विटकरी होते. आता ते राखाडी निळे पडले होते.

खाली आल्यावर तिनं मेटलवाल्याला पाणी आणायला पिटाळलं. "काका, कधीपासून आहे हे?"

"कुठं काय."

"मला रंग शिकवू नका."

काका पायरीवर टेकले. "दीड वर्ष झालं. छातीत धूळ बसलीय म्हणतात. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. लिफ्टनं काही होत नाही गं. आणि कवायतीच्या दिवशी मी रजा टाकतो." मग घाईनं म्हणाले, "बोलू नकोस हं कुणाला. तुझी खाली सोय तरी करतील. जिना न उतरणाऱ्यांच्या यादीत माझं नाव गेलं की प्लास्टरची खोली काही खाली नेत नाहीत. घरी पाठवतील. दोन वर्षं राहिलीत माझी. घरी बसून काय करू मी?"

"मग पुढून धरतो कशाला म्हणालात?"

"कुणीच बोलेना," काका म्हणाले.

ताई हे कुणाला बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं एक गोष्ट केली, आणि ती खरं सांगायचं तर निम्मी काकांसाठी होती आणि निम्मी स्वतःसाठी. पुढून धरायला तिनं दात घासून चकचकीत करणाऱ्या पॉलिशवाल्याला घेतलं. काकांना दिलं शेवटचं काम: सगळे बाहेर पडले की खोल्या तपासायच्या, दात भाजायच्या भट्टीचं बटण बघायचं, दार ओढायचं आणि सावकाश खाली यायचं. जबाबदारीचं काम आहे, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. मालकांनी मान डोलावली. त्या संध्याकाळी सहा मिनिटं पंचावन्न सेकंद झाली आणि मेटलवाल्यानं आनंदानं पॉलिशवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. ताईही हसली. ज्याला श्वास पुरत नाही त्याला आपण सगळ्यांच्या शेवटी ठेवलंय, हे तिला रात्री जेवताना एकदम जाणवलं. पण पाच सेकंदांच्या फरकानं का होईना, खिडकी वाचत होती. खरी आग थोडीच लागणार आहे, असं तिनं मनाला समजावलं. काका रजा टाकतील, असंही वाटून घेतलं.

बारा तारखेला काका आले. रजा मंजूर झाली नव्हती. तपासनिसाला सगळी हजेरी हवी होती.

अकराला भोंगा वाजला. लिफ्ट बंद झाल्या. ताई खुर्चीत बसली, पट्टे आवळले, आणि मंडळी निघाली. सहावा, पाचवा, चौथा. इतर ऑफिसांची माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. मेटलवाला आता दांडा असा हलका धरत होता की पान तीन लिहिणाऱ्यानं शाबासकी दिली असती. वरून काकांचा खोकला ऐकू येत होता. जिन्यात सगळंच घुमतं. खोकला पाचव्या मजल्याच्या आसपास असावा. तिसरा मजला संपला तेव्हा पॉलिशवाला घड्याळ बघून म्हणाला, "तीन चाळीस! ताई, आज रेकॉर्ड!"

आणि वरचा खोकला थांबला.

ताईनं कान दिले. आधी बोलणी आणि चपलांचे आवाज होते, मग तेही खाली निघून गेले. खोकला काही पुन्हा आला नाही. पावलंही नाहीत.

"थांबा."

"ताई, घड्याळ चालू आहे!"

"थांबा म्हणते ना! काका वर अडकलेत. त्यांना श्वास लागतो, दीड वर्षं झालं, डॉक्टरांनी जिना बंद केलाय." तिचे हात पट्टे सोडत होते. "मला इथं पायरीवर ठेवा आणि खुर्ची घेऊन वर पळा. दोघंही. बघता काय?"

दोघांनी तिला उचलून पायरीवर ठेवलं, खुर्चीची घडी केली आणि दोन दोन पायऱ्या टाकत वर पळाले.

ताई एकटी राहिली. खाली पन्नासेक पायऱ्या होत्या.

पायऱ्या उतरायची एक रीत तिला येत होती, आणि ती तिनं चौतीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. दोन्ही हात मागं टेकायचे, अंग उचलायचं, बुडावर खालच्या पायरीवर यायचं, मग पाय हातानं ओढून घ्यायचे. शाळेत वर्ग पहिल्या मजल्यावर होता. रोज ती अशी उतरायची. एक दिवस मागून दोन मुली तशाच घसरत आल्या, तिची नक्कल करत, आणि सगळा वर्ग पोट धरून हसला. बारा वर्षांच्या ताईनं त्या दिवशी ठरवलं होतं की मेले तरी पुन्हा लोकांसमोर असं करणार नाही. आता ती करत होती. एक पायरी, दुसरी पायरी. वरच्या मजल्यांवरून उशिरा निघालेली माणसं शेजारून जात होती. टाय लावलेला एक गृहस्थ थबकला, वाकला. "उचलू का?"

"नको. कडेनं जा फक्त."

तिला लाज वाटत होती. भयंकर लाज वाटत होती, कानशिलं तापली होती, पण हात थांबत नव्हते. पहिल्या मजल्यावर खुर्ची तिला मागून गाठून पुढं गेली. खुर्चीत काका होते, मान मागं टाकलेली, छाती भात्यासारखी हलत होती. मेटलवाला ओरडला, "आहेत, ताई, आहेत!"

ती शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा कपडे धुळीनं माखले होते आणि तळहात सोलवटले होते. रिसेप्शनिस्ट आपली चाकाची गरगर फिरणारी खुर्ची घेऊन धावत आली. तिच्यावर बसून ताई फाटकाबाहेर गेली. तपासनिसाच्या घड्याळात तेरा मिनिटं झाली होती.

काकांना सावलीत टेकवलं होतं, तपासणीला आलेल्या रुग्णवाहिकेतला ऑक्सिजन लावला होता. ओठांना रंग परत येत होता. ते ताईकडे बघेनात.

तपासनीस मध्यमवयीन, कोरडा माणूस होता. "सात मिनिटांत झालं नाही," तो कागदावर लिहीत म्हणाला.

तेवढ्यात मालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, पण नियम काय आहे? ज्यांना स्वतःहून उतरता येत नाही! या तर स्वतः उतरल्या. शंभर लोकांनी बघितलं."

तपासनिसानं पत्र काढून वाचलं, पुन्हा वाचलं. "बरोबर आहे. मग यांचं नाव यादीतून काढतो. बसू देत कुठंही." त्यानं काकांकडे पेन रोखलं. "यांचं घालतो."

खिडकी वाचली होती. ताईला हसू यायला हवं होतं. "आणि खुर्चीचं?" तिनं विचारलं.

"तळमजल्यावर खुर्ची कशाला? आणि सहाव्यावर आता कुणी राहणार नाही ज्याला लागेल. नाव नाही तर खुर्ची नाही."

म्हणजे पुढच्या वेळी, खरा धूर असताना, तिनं हे असंच उतरायचं होतं. सहा मजले, सगळ्यांच्या पायांमधून, सगळ्यांच्या शेवटी. कागदावर ती धडधाकट राहणार होती. ताईला रागानं हुंदका आला आणि तिनं तो लपवला नाही.

"नाव खोडू नका," ती म्हणाली. "माझं राहू द्या आणि काकांचंही घाला. मला जिना उतरता येत नाही. मी आज जे केलं त्याला उतरणं म्हणत नाहीत. लिफ्ट चालू करा, मला वर न्या आणि घड्याळ पुन्हा लावा."

"अहो ताई!" मालकांनी कपाळाला हात लावला. "आयतं मिळालंय ते घ्या की! पुन्हा नापास झालात तर?"

"तर खाली बसेन."

तपासनिसानं मेटलवाल्याकडे बघितलं. मेटलवाला घामानं निथळत होता. त्यानं तळवे पँटला पुसले आणि लिफ्टकडे चालू लागला. पॉलिशवाला त्याच्या मागून गेला. शेवटच्या खोल्या तपासायला या वेळी मालक स्वतः वर गेले, कुरकुर करत.

दुसऱ्यांदा भोंगा वाजला नाही, तपासनिसानं नुसता फोन केला. चौथ्या मजल्यावर पॉलिशवाल्याचा पाय घसरला, पण त्यानं कठडा धरून तोल सावरला. दुसऱ्या मजल्यावर मेटलवाल्याचे हात थरथरताना तिला दांड्यातून जाणवले. फाटकाबाहेर आली तेव्हा तपासनिसानं घड्याळ दाबलं, चष्मा वर केला आणि आकडा बघितला. सहा मिनिटं सत्तावन्न सेकंद.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं गडी जमिनीवर बसून धापा टाकत होते. मालक मागून आले आणि तेही बसले.

तपासनिसानं ताईच्या नावापुढं 'सहावा मजला' लिहिलं. मग काकांच्या नावाशी थांबला. "यांचं काय? तळमजला लिहू?"

ताईनं काकांकडे बघितलं. तिनं त्यांचं गुपित फोडलं होतं, आणि आता त्यांच्या वतीनं बोलायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला कळत होतं. काकांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. बोलायला त्यांना वेळ लागला, आणि सगळे थांबले.

"मलाही खुर्चीत बसवा," काका म्हणाले, "आणि माझीही वेळ लावा."